यष्टीमागची एक जागा

लखनौचे नाव निघाले की आम्हां बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकांपुढे प्रथम उभे राहतात ते पंडित विष्णु नारायण भातखंडे. १९२६ साली त्यांनी तेथे मॅरिस कॉलेज स्थापले, श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वाढविले, आणि नबाबांच्या नगरीतल्या गाण्याला मराठी शिस्तीची जोड मिळाली. हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. तो पुन्हा लिहिण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. या शहरातील दुसऱ्या एका मराठी धाग्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. तो आहे क्रिकेटचा, आणि त्यातही यष्टीमागे ओणवे बसणाऱ्या माणसाचा. लखनौच्या भूमीवर भारताने दोनच कसोटी सामने खेळले, एक १९५२ साली व दुसरा १९९४ साली. त्या दोन्ही सामन्यांत भारताच्या यष्टीमागे बडोद्यात जन्मलेला गृहस्थ उभा होता, आणि दोघांच्याही मागे एकच प्रश्न उभा होता : जागा एक, योग्य माणसे दोन, मग खेळायचे कोणी आणि किती?

हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. फलंदाज सहा लागतात, गोलंदाज चार-पाच लागतात. एखाद्यास डावलले तरी त्याला दुसरी फट सापडते. यष्टिरक्षक मात्र एकच. तो दुखावला तरच दुसरा. तो चुकला तरच दुसरा. ज्याचे सारे कौशल्य हातमोज्यांत आहे असा दुसरा माणूस जर तितकाच चांगला असेल, तर त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे तंबूत बसून काढायची की काय?

इतर खेळांत याला वाटा आहेत. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात (आपल्या फुटबॉलशी त्याचे नाव सोडता फारसे नाते नाही) त्या खेळात चेंडू छातीशी कवटाळून प्रतिपक्षाच्या भिंतीत घुसणारा एक धावपटू असतो. तेथे खेळाडू वाटेल तेव्हा आत घ्यावा, वाटेल तेव्हा बाहेर काढावा, अशी मोकळीक आहे. म्हणून एकाच सामन्यात दोघांना आलटून पालटून धावविता येते. एक थकला की दुसरा, एक दांडगट तर दुसरा चपळ. १९७२ साली मायामीच्या संघाचे शिक्षक डॉन शुला यांच्याजवळ लॅरी झोंका, मर्क्युरी मॉरिस आणि जिम किक असे तीन धावपटू होते. झोंका यांनी त्या हंगामात १,११७ यार्ड मजल मारली, मॉरिस यांनी १,०००. एका संघातील दोघांनी एकाच हंगामात हजाराचा टप्पा गाठण्याची ती पहिलीच वेळ. संघाने सतराच्या सतरा सामने जिंकले. किक यांच्या वाट्याला पूर्वीपेक्षा कमी धाव आली हे खरे. पण जे काही वाटायचे ते शुला यांनी डोळ्यांदेखत, एका मैदानावर, एका दिवसात वाटले.

क्रिकेटमध्ये ही सोय नाही. १९८० च्या नियमावलीने तर पर्यायी खेळाडूने यष्टिरक्षण करण्यास साफ मनाई केली होती. पंचांच्या संमतीने तशी मुभा मिळाली ती २०१७ च्या नियमावलीपासून. अपवाद घडले, नाही असे नाही. १९८६ साली लॉर्ड्सवर इंग्लंडचे ब्रूस फ्रेंच जखमी झाले तेव्हा एकाच डावात इंग्लंडने चार जणांना यष्टीमागे उभे केले, आणि निवृत्त झालेले बॉब टेलर पाहुण्यांच्या तंबूतून उठून आले. पण ते घडले न्यूझीलंडच्या कर्णधाराच्या औदार्यामुळे. नियम म्हणून यष्टिरक्षकाची जागा सामन्यात वाटता येत नाही. ती सामन्यासामन्यांतून वाटावी लागते. आणि सामन्यांतून वाटणे म्हणजे प्रत्येक वेळी एका माणसास घरी बसविणे होय.

आता लखनौकडे वळू. १९५२ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानचा संघ प्रथमच भारतात कसोटी खेळावयास आला होता. दिल्लीचा पहिला सामना विनू मंकडांनी १३ बळी घेऊन एकहाती संपविला. दुसरा सामना अवघ्या पाच दिवसांनी, २३ ऑक्टोबरला, गोमतीकाठच्या विद्यापीठ मैदानावर तागाच्या चटईच्या खेळपट्टीवर सुरू झाला. मंकड नव्हते, विजय हजारे नव्हते. फजल महमूद यांनी त्या चटईवर चेंडू असा काही वळविला की भारताचा पहिला डाव १०६ धावांत आटोपला. सामन्यात त्यांनी ९४ धावांत १२ बळी घेतले. नजर महंमद सलामीला येऊन शेवटपर्यंत नाबाद राहिले. त्यांच्या १२४ धावांना आठ तासांहून अधिक वेळ लागला, आणि सामन्यातला क्षणन् क्षण ते मैदानावर होते. एक डाव ४३ धावांनी पाकिस्तान जिंकला. त्या राष्ट्राचा तो पहिला कसोटी विजय. प्रेक्षकांचा संताप अनावर झाला होता.

नजर महंमद खेळत असताना त्यांच्या पाठीशी जे गृहस्थ प्रत्येक चेंडूला खाली बसत नि उठत होते, ते पद्मनाभ गोविंद ऊर्फ नाना जोशी. जन्म बडोद्याचा, खेळ महाराष्ट्र संघाचा. त्या अकरा जणांत मराठी मंडळी पुष्कळ होती : बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड, मुंबईचे विजय मांजरेकर, आणि नागपुरात जन्मलेले हिरालाल गायकवाड, ज्यांच्या वाट्याला आयुष्यात ही एकच कसोटी आली व तीत एकही बळी आला नाही. पराभवाचे खापर जोशींवर फोडावे असे काही घडले नव्हते. १०६ धावांत संघ बाद झाल्यावर यष्टिरक्षकाने काय करावे?

पण आम्हांस सांगावयाचे आहे ते पुढेच. त्या मालिकेतील पाच सामन्यांची नामावली पाहावी. दिल्लीत यष्टीमागे बंगालचे प्रबीर ऊर्फ खोकन सेन. लखनौला नाना जोशी. मुंबईस राजिंदरनाथ. मद्रासला इब्राहिम माका. कलकत्त्यास पुन्हा सेन. पाच सामने, चार यष्टिरक्षक! यांतले राजिंदरनाथ यांचे प्रकरण तर चमत्कारिकच म्हणावयाचे. मुंबईच्या सामन्यात त्यांनी चार फलंदाजांना यष्टिचीत केले. भारताने तो सामना दहा गडी राखून जिंकला. राजिंदरनाथांना फलंदाजी करण्याची वेळसुद्धा आली नाही. पदार्पणात चार यष्टिचीत! दुसऱ्या एखाद्या देशात त्या बळावर माणूस दोन वर्षे तरी टिकला असता. येथे पुढच्या सामन्यात ते नव्हते, आणि नंतर कधीच नव्हते. एक कसोटी, चार यष्टिचीत, शून्य झेल, फलंदाजीच्या रकान्यात रेघ.

याला वाटणी म्हणावे काय? आमच्या मते नाही. वाटणीला काही तत्त्व लागते. फिरकीच्या खेळपट्टीवर अमुक, वेगवान माऱ्यापुढे तमुक. किंवा दोन सामने याचे, दोन त्याचे. किंवा पहिला हा, तो पडला तरच दुसरा. यांपैकी कोणतेही तत्त्व असते तरी चालले असते. या नामावलीत ते दिसत नाही. पंगतीत वाढप्यांनी न ठरविता वाढावे, म्हणजे कोणाच्या पानात तीनदा वरण पडते आणि कोणी कोरड्या भातावर बसतो, तशातला हा प्रकार झाला.

आणि हे एका मालिकेपुरते नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत भारताने मद्रासला इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळविला होता. मंकडांनी पहिल्या डावात आठ बळी घेतले. त्या डावात चार आणि सामन्यात पाच फलंदाज यष्टिचीत केले ते खोकन सेन यांनी. मंकड आणि सेन हे त्या दिवशी जणू एकाच देहाचे दोन हात होते. यानंतरची कसोटी जूनमध्ये लीड्सला झाली. तीत सेन नव्हते, मुंबईचे माधव मंत्री होते. इंग्लंडच्या त्या दौऱ्यात पहिले दोन सामने मंत्री खेळले, पुढचे दोन सेन. मंत्री हे फलंदाज म्हणून अधिक भरवशाचे होते. परंतु लीड्सच्या दुसऱ्या डावात भारताचे पहिले चार गडी शून्यावर गेले, त्या चौघांत तेही होते. विद्वान, शिस्तीचा, मुंबई क्रिकेटचा आधारस्तंभ असा हा माणूस. त्याच्या नावावर शेवटी चारच कसोट्या लागल्या.

येथे यष्टिरक्षणाच्या कलेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याशिवाय या अदलाबदलीने काय गमावले ते ध्यानात यावयाचे नाही. वेगवान गोलंदाजापुढे यष्टिरक्षक दूर उभा राहतो. तेथे नजर आणि पाय चांगले असले की पुष्कळ भागते. फिरकीपुढे तो यष्टीला खेटून उभा असतो, आणि फलंदाजाचे अंग त्याच्या व चेंडूच्या मधे येते. चेंडू कोठे टप्पा खाणार, कोणत्या बाजूस वळणार, हे त्याला गोलंदाजाच्या मनगटावरून आधीच ओळखावे लागते. सुभाष गुप्त्यांची गुगली ज्याला हातातून सुटताना वाचता येत नसे, त्याला ती मागे उभे राहून पकडणेही कठीणच. हे वाचन एका दिवसात येत नाही. ते सरावाने येते, शेकडो षटके एकाच गोलंदाजामागे बसून येते. तबल्याची साथ करणारा ज्याप्रमाणे गवयाची जागा आधी ओळखतो, त्यातलाच हा प्रकार. आणि मैफलीगणिक तबलजी बदलणारा गवई आम्ही तरी पाहिलेला नाही. म्हणून यष्टिरक्षक बदलला की एक खेळाडू बदलतो इतकेच नव्हे, एक जोडी मोडते.

नरेन ताम्हाणे आले तेव्हा ही जोडी जमली. १९५५ च्या जानेवारीत डाक्क्याला त्यांनी कसोटीत पदार्पण केले, आणि पाकिस्तानच्या त्या एका दौऱ्यात यष्टीमागे १९ बळी मिळविले : १२ झेल, ७ यष्टिचीत. गुप्ते आणि मंकड यांच्या फिरकीवर त्यांचे हात इतके अलगद चालत की बेल उडाल्याचा आवाज आल्यावरच प्रेक्षकांना काय झाले ते कळावे. नाटकी उड्या नाहीत, आरडाओरडा नाही. तेव्हापासून चार-साडेचार वर्षे यष्टीमागची ती जागा बहुतांशी त्यांची होती. नाना जोशी मागे पडले असे कोणासही वाटले असते.

तथापि १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यावर दोघेही गेले. एक महाराष्ट्राचा, एक मुंबईचा. पुणे आणि मुंबई यांच्यामधला बोरघाट क्रिकेटमध्ये फार उंच आहे, हे जाणत्यांना सांगावयास नको. पाच कसोट्यांपैकी तीन जोशी खेळले, दोन ताम्हाणे. भारत पाचही हरला. मायदेशी परतल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाचा संघ आला. दिल्लीस जोशी, कानपुरास ताम्हाणे. लखनौपासून अवघ्या काही कोसांवरच्या त्या कानपुरात जसू पटेलांनी १४ बळी घेतले, आणि भारताने ऑस्ट्रेलियावर आपला पहिला विजय मिळविला. सामना जिंकला, संघाने इतिहास घडविला. मग पुढच्या मुंबईच्या सामन्यात ताम्हाणेच असणार, असे कोणासही वाटावे. पण यष्टीमागे उभा राहिला तो वीस वर्षांचा बुधी कुंदेरन, ज्याने तोवर रणजी सामनाही खेळलेला नव्हता.

या दोघांच्या कारकीर्दी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे निर्णय किती अवघड होता तेही दिसते, आणि तो घेण्याची पद्धत किती ढिसाळ होती तेही. ताम्हाणे यांच्या २१ कसोट्यांत ३५ झेल व १६ यष्टिचीत, म्हणजे ५१ बळी. जोशी यांच्या १२ कसोट्यांत १८ झेल व ९ यष्टिचीत, म्हणजे २७. सामन्यामागे पडणारी सरासरी काढली तर फरक नखाएवढा. फलंदाजीत दोघांची सरासरी दहा-अकराच्या आसपास. तेथेही तराजू हलत नाही. रसिकांच्या ओट्यावरच्या वादात हातांच्या मृदुतेसाठी ताम्हाणेच वरचढ ठरत आले, आणि आमचे मतही त्याच बाजूला झुकते. परंतु आकड्यांनी निवाडा द्यावा असे येथे काही नव्हते. अशा वेळी दोन मार्ग संभवतात. एकास निवडून त्याला दीर्घ काळ द्यावा, नाहीतर उघडपणे वाटणी करून दोघांनाही ती सांगावी. झाले ते तिसरेच. नाना जोशींचा पहिला कसोटी सामना १९५१ च्या नोव्हेंबरात, शेवटचा १९६० च्या डिसेंबरात. या नऊ वर्षांत भारताने ४८ कसोट्या खेळल्या. जोशींच्या वाट्याला नेमका चौथा हिस्सा आला. पण तो चौथा हिस्सा पत्त्यांच्या डावात येतो तसा आला : दोन येथे, एक तेथे, मधे पाच वर्षे काहीच नाही.

आणि शेवट? १९६० च्या डिसेंबरात मुंबईस पुन्हा पाकिस्तानच होते. लखनौच्या त्या सामन्यास आठ वर्षे लोटली होती. भारताचे आठ गडी बाद झाले असता जोशी आणि ठेंगणे रमाकांत देसाई एकत्र आले. देसाई हे गोलंदाज, जोशी हे यष्टिरक्षक. दोघांकडून कोणी धावांची अपेक्षा करीत नव्हते. त्यांनी नवव्या गड्यासाठी १४९ धावा जोडल्या. देसाई ८५, जोशी नाबाद ५२. कसोटीतले जोशींचे हे एकमेव अर्धशतक. पुढच्या सामन्यात ते नव्हते, आणि नंतर पुन्हा कधी आले नाहीत. ताम्हाणे यांचीही कारकीर्द त्याच मालिकेत, कलकत्त्याच्या सामन्याबरोबर संपली. एका महिन्यात दोघेही गेले.

त्यानंतरची जोडी कुंदेरन आणि फरोख इंजिनीअर यांची. यांच्या वेळी प्रश्नाचे रूप बदलले. आता यष्टिरक्षकाने धावाही काढाव्यात अशी अपेक्षा उत्पन्न झाली होती, आणि दोघेही त्या बाबतीत तोफा होते. दोघेही मुंबईत वाढलेले; मुंबई संघात ताम्हाणे असल्यामुळे कुंदेरन यांना रेल्वेकडून खेळावे लागले, म्हणजे एका वाटणीच्या पोटात दुसरी वाटणी. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध इंजिनीअर खेळावयाचे होते. ते आजारी पडले आणि ऐन वेळी कुंदेरन आत आले. पहिल्याच दिवशी त्यांनी नाबाद १७० केल्या, डाव १९२ वर संपला. दिल्लीस आणखी एक शतक, मालिकेत ५२५ धावा. यष्टिरक्षकाने एका मालिकेत पाचशेवर धावा करणे हे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्यानंतर पुढची मालिका ऑक्टोबरात, ऑस्ट्रेलियाशी. यष्टीमागे होते सौराष्ट्राचे इंद्रजितसिंहजी. कुंदेरन नव्हते, इंजिनीअरही नव्हते!

वाचकांच्या आता ध्यानात आले असेल. सेन यांनी पाच यष्टिचीत केले, ते पुढच्या सामन्यात बाहेर. राजिंदरनाथांनी चार केले, ते कायमचे बाहेर. जोशींनी अर्धशतक केले, तेही कायमचे बाहेर. कुंदेरन यांनी ५२५ धावा केल्या, ते बाहेर. हातून काही बिघडल्यावर जागा जाते हे समजू शकते. येथे हातून काही घडल्यावर जागा जाते. प्रत्येक वेळी स्वतंत्र कारण असेलही. कोठे दुखापत असेल, कोठे खेळपट्टीचा विचार, कोठे प्रांताचे पारडे. १९५८-५९ साली वेस्ट इंडीजविरुद्ध पाच सामन्यांत चार कर्णधार करणाऱ्या व्यवस्थेकडून यष्टिरक्षकाच्या जागेचा शांतपणे विचार व्हावा ही अपेक्षाच अवास्तव, असेही कोणी म्हणेल. पण ज्याला खेळावयाचे आहे त्याच्या बाजूने पाहा. चांगले खेळल्यानेही जागा टिकत नाही असे एकदा मनाने घेतले की माणूस चेंडूकडे पाहीनासा होतो. तो तंबूकडे पाहू लागतो.

१९६७ च्या जानेवारीत मद्रासलाच इंजिनीअरांनी आपला हिशेब चुकता केला. त्या मालिकेतले पहिले दोन सामने कुंदेरन खेळले होते, मुंबईस त्यांनी ७९ धावाही केल्या होत्या. तिसऱ्यात इंजिनीअर आले. हॉल, ग्रिफिथ, सोबर्स, गिब्ज अशा माऱ्यापुढे उपाहारापूर्वीच नाबाद ९४, एकूण १०९. त्या दिवसापासून जागा इंजिनीअरांची झाली. त्याच वर्षी एजबॅस्टनला दोघेही एकाच संघात होते. यष्टीमागे इंजिनीअर, आणि कुंदेरन यांच्या हाती नवा चेंडू देऊन त्यांना गोलंदाजीस लाविले. हातमोजे काढून घेतलेल्या माणसाला चेंडू देणे हा विनोद समजावा की काय, हे आम्हांस अजून उमगलेले नाही. कुंदेरन यांची ती शेवटची कसोटी ठरली.

यापुढची वर्षे आम्ही भरभर ओलांडतो, कारण त्यांत वाटणी नाही, प्रतीक्षा आहे. सय्यद किरमाणी १९७१ पासून इंजिनीअरांच्या मागे राखीव म्हणून दौरे करीत राहिले आणि १९७६ च्या जानेवारीत ऑकलंडला आत आले. मग एक-दोन दौरे वगळता दहा वर्षे कोणी त्यांना हलविले नाही. ८८ कसोट्या, १९८ बळी. अनुभव असा, की ज्याला आपण दुसरे आहोत हे स्वच्छ ठाऊक असते तो पाच वर्षे थांबू शकतो. ज्याला आपण पहिले की दुसरे हेच ठाऊक नसते त्याला पाच आठवडेही जड जातात.

किरमाणींच्या मागून १९८६ मध्ये किरण मोरे आले, आणि गोष्ट पुन्हा बडोद्यास आली. मोरे यांनी १९८८ च्या जानेवारीत मद्रासला, नरेंद्र हिरवाणींच्या १६ बळींच्या त्या सामन्यात, सहा फलंदाज यष्टिचीत केले. त्यांतले पाच एका डावात. मद्रासच्या मातीला यष्टिरक्षक मानवतो असे दिसते. सेन यांच्या पराक्रमाला ३६ वर्षे झाली होती. फरक इतकाच की मोरे यांची जागा पुढच्या सामन्यातही मोरे यांचीच राहिली. त्यांच्या ४९ कसोट्या झाल्या.

मोरे भारतासाठी खेळत असता त्यांच्याच गावात, त्यांच्याच संघात दुसरा यष्टिरक्षक तयार होत होता : नयन मोंगिया. मोरे राष्ट्रीय कामगिरीवर गेले म्हणजे बडोद्याचे हातमोजे मोंगियांकडे. मोरे परतले की मोरेंकडे. अर्थात राष्ट्रीय संघाचे वेळापत्रक हेच त्यांच्या वाटणीचे पंचांग होते. १९९० साली इंग्लंडच्या दौऱ्यावर बडोद्याचे हे दोन्ही यष्टिरक्षक गेले, पहिला आणि दुसरा. संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून होते माधव मंत्री. त्याच इंग्लंडमध्ये ३८ वर्षांपूर्वी खोकन सेन यांच्याशी दोन-दोन सामने वाटून घेतलेले मंत्री! मोंगिया त्या दौऱ्यात एकही कसोटी खेळले नाहीत. पुढे १९९३ च्या मार्चमध्ये दिल्लीस हरियाणाचे विजय यादव एक सामना खेळून गेले, तरी मोंगियांची पाळी आली नाही. ते थांबले.

१८ जानेवारी १९९४. लखनौ. श्रीलंकेविरुद्ध सामना, मैदान आता विद्यापीठाचे नव्हे. हॉकीचे थोर खेळाडू के. डी. सिंग ‘बाबू’ यांच्या नावाचे क्रीडांगण. सिद्धूंच्या १२४ व सचिन तेंडुलकरांच्या १४२ धावांमुळे भारताच्या ५११ झाल्या. मग अनिल कुंबळे यांनी सामन्यात ११ बळी घेतले, भारत एक डाव ११९ धावांनी जिंकला. कुंबळे यांचा चेंडू वळतो कमी, उसळतो फार. त्यांच्यामागे यष्टीला खेटून बसणे हे गुप्त्यांमागे बसण्याहून वेगळे पण तितकेच जोखमीचे काम. ते त्या सामन्यात प्रथमच करीत होते नयन मोंगिया. मोरे यांची शेवटची कसोटी आदल्या ऑगस्टमध्ये कोलंबोला होऊन गेली होती. नाना जोशी पाच दिवसांच्या अंतराने सेन यांच्या जागी लखनौस उभे राहिले, आणि दोन सामन्यांच्या आत तिसऱ्या, चौथ्या माणसाने ती जागा घेतली. मोंगिया चार वर्षे थांबून उभे राहिले आणि सात वर्षे टिकले. ४४ कसोट्यांनंतर २००१ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या त्या प्रसिद्ध सामन्यात ते अखेरचे खेळले. पुढच्या मद्रासच्या सामन्यात (आता चेन्नई म्हणावयास हवे) मुंबईचे समीर दिघे आले, आणि त्यांच्या नाबाद २२ धावांनी ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका भारताच्या पदरात पडली.

आणखी एक योग नोंदविला पाहिजे. ज्यांना जागा वाटून घ्यावी लागली त्यांतले काही पुढे स्वतःच वाटणारे झाले. मंत्री निवड समितीवर होते. ताम्हाणेही होते; १९८९ साली सोळा वर्षांच्या तेंडुलकरांना पाकिस्तानात पाठविण्याचा निर्णय ज्या समितीने घेतला तीत ते बसले होते. आणि २००४ साली निवड समितीचे अध्यक्ष होते किरण मोरे. त्यांच्यापुढे तोच जुना प्रश्न आला, यावेळी तीन तरुण नावे घेऊन : पार्थिव पटेल, दिनेश कार्तिक, महेंद्रसिंग धोनी. पार्थिव सतराव्या वर्षी कसोटी खेळले होते. कार्तिक २००४ च्या नोव्हेंबरात मुंबईस आले. धोनींना त्याच डिसेंबरात एकदिवसीय संघात घेतले आणि कसोटीसाठी मात्र आणखी एक वर्ष थांबविले. ही वाटणी मात्र हिशेबाने झाली असे आम्ही म्हणू : खेळाच्या एका प्रकारात हा, दुसऱ्यात तो, आणि वर्षभराने निकाल. २००५ च्या डिसेंबरात धोनी कसोटीत आले आणि २०१४ पर्यंत ती जागा हलली नाही.

कार्तिक यांचे काय झाले? ते सलामीचे फलंदाज म्हणून आत आले, बाहेर गेले. २०१० च्या जानेवारीनंतर आठ वर्षे एकही कसोटी नाही. धोनी निवृत्त झाल्यावरही साडेतीन वर्षे गेली. २०१८ च्या जूनमध्ये, पदार्पणानंतर चौदाव्या वर्षी, त्यांना पुन्हा हातमोजे मिळाले. त्या ऑगस्टमध्ये ते लॉर्ड्सवर खेळले. संघात वीस वर्षांचे ऋषभ पंत होते, तोवर एकही कसोटी न खेळलेले. पुढच्या नॉटिंगहॅमच्या सामन्यात यष्टीमागे पंत उभे राहिले.